मोकळी वायर

सोप्यातल्या फळीवरून जुना हब खाली उतरवला तेव्हा त्याच्या पाठीमागे पालीची अंडी निघाली. नाथाजींनी ती कागदावर अलगद घेतली, खिडकीबाहेर विटांच्या फटीत ठेवली आणि हात झटकत लेकीला म्हणाले, "बघ, हितं संसार थाटला व्हता तिनं. अन् तू म्हणतीस डबडं."

"डबडंच आहे ते, अप्पा. आमच्या कॉलेजात असला हब आता नुसता कपाटात ठेवलाय. पोरांना दाखवायला."

"मग मलाबी ठिवा कपाटात. पोरं बघत्याली."

संयोगिता हसली. साताऱ्याच्या एका तंत्रनिकेतनात ती संगणक शिकवायची, तिथेच एकटी खोली घेऊन राहायची. महिन्या-दीड महिन्यातून एखादा रविवार धरून पलूसला यायची आणि स्टँडवरून वडिलांच्या गाडीवर बसून नदीकाठच्या मळ्यात. मळ्यात भावकीची आठ घरं. नाथाजी फौजेतून, संदेशवहन सांभाळणाऱ्या सिग्नलमधून, हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावी येऊन ऊस लावला, पण वायरींशी खेळलेले हात ऊस लावून गप्प बसणारे नव्हते. त्यांनी इंटरनेटची एक लाईन घेतली आणि स्वतः खांब रोवून, वायरी ओढून ती आठही घरांत फिरवली. एवढ्यावर भागलं नाही म्हणून घराच्या छतावर एक छोटी तबकडी आणि खाली नदीकाठच्या मोटारखोलीवर दुसरी, अशी समोरासमोर तोंड करून बसवली. काठाला मोबाईलची रेंज मुळीच नाही. मोटार चालू आहे की बंद, हे घरबसल्या दिसावं म्हणून हा उद्योग.

या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी तो हब होता. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची एक अडत बंद पडली, तेव्हा भंगारात जाता जाता नाथाजींनी तो उचललेला. त्याच्या फटींतून अजून पिवळी पूड सांडायची.

"आता नीट सांग," स्टुलावर बसत नाथाजी म्हणाले. "ह्यो हब अन् तुजा ह्यो स्विच. दोन्हीला भोकं तेवढीच, वायरी त्याच. मग फरक काय?"

संयोगितानं नवा स्विच खोक्यातून काढला. वर्गात हा फरक तिनं इतक्यांदा सांगितला होता की झोपेतही सांगता आला असता. पण समोर अप्पा होते.

"हब म्हणजे आपल्या देवळावरचा भोंगा. बाळासोकाकांकडं पावणं आलं तरी अख्ख्या मळ्याला ऐकू जाणार. ज्याच्यासाठी निरोप आहे तो घेणार, बाकीच्यांनी ऐकून सोडून द्यायचं. आणि दोघं एकदम बोलले की कुणालाच काही कळत नाही."

"बाळ्या एकटा बोलला तरी कळत न्हाई."

बाळासोकाका, म्हणजे नाथाजींचे धाकटे भाऊ, तेवढ्यात चहाला आत आले होते. "काय दादा, मी काय केलं आता?"

"दिसभर कुस्त्या बघतोस मोबाईलवर. सगळ्यांची लाईन तुंबतीया."

"बघू नकू तर काय करू? खेळायचं वय ऱ्हायलंय व्हय?"

"स्विच म्हणजे पोस्टमन," संयोगिता पुढे म्हणाली. "कुठल्या भोकाच्या टोकाला कोण राहतं हे तो लक्षात ठेवतो. काकांचं पाकीट फक्त काकांच्या दारात. बाकीच्यांना पत्ता लागत नाही. आता काका रात्रंदिवस कुस्त्या बघू देत."

"अन् ह्यो?" नाथाजींनी कंपनीच्या पांढऱ्या राउटरकडे बोट केलं.

"तो पलूस स्टँडवरचा कंट्रोलर. त्याला आपल्या घरांशी देणंघेणं नाही. बाहेरगावच्या निरोपाला कुठली गाडी पकडायची, ते तो सांगतो. साताऱ्याला जायचं असेल तर कराडच्या गाडीत बसवतो. पुढचं कराडवाला बघतो. आणि छतावरची तबकडी…"

"तो पूल. ते म्या बशीवलंय, मला शिकवू नकू." नाथाजी खूश होऊन म्हणाले. "ह्या कडंचं त्या कडंला पोचवायचं. बाकी डोकं चालवायचं न्हाई. आमच्यात एक लान्सनायक व्हता, तसा."

जुन्या हबातून एकेक वायर काढून ती नव्या स्विचमध्ये लावू लागली. एक वायर उरली. तिचं एक टोक नाथाजींनी आधीच स्विचला लावून टाकलं होतं, दुसरं फळीवरून खाली लोंबत होतं.

"ही कुणाची?"

"तुजी. आलीस की लॅपटॉप लावायला. ती मोकळीच असू दे."

"असू दे. पण हे टोक चुकून परत ह्याच स्विचमध्ये खोचू नका. निरोप फिरून माघारी येतो, पुन्हा सगळीकडं जातो, पुन्हा येतो. सगळी लाईन जाम होते."

"कवापतोर?"

"वायर उपटेपर्यंत. राउटरमधून जाणाऱ्या निरोपाला मोजकं आयुष्य असतं, अप्पा. एकेक राउटर ओलांडला की एकेकानं कमी होतं. संपलं की पुढचा राउटर तो टाकून देतो. स्विचमधल्याला तसं मोजमाप नसतं."

"म्हंजे ह्यातला निरोप मरतच न्हाई?"

"नाही. नुसता गरगरत राहतो."

"बिचारा," नाथाजी म्हणाले आणि चहाची कपबशी पुढे ओढली.

संध्याकाळी त्यांनी तिला पलूसच्या स्टँडवर सोडलं. गाडी लागली होती, तरी ती हलेपर्यंत ते खिडकीखाली उभे राहिले.

"पोचलीस की फोन कर. न्हाईतर मीच करतो. नवीन मशीन हाय, काय बिघडलं तर इचारावं लागंल."

"करा," ती म्हणाली.

खरं तर तिला आणखी काही म्हणायचं होतं. नाथाजींचे फोन आठवड्यातून दोन-तीनदा यायचे आणि प्रत्येक वेळी लाईनीत काही ना काही बिघाड असायचा. एकदा त्यांनी सांगितलं, "संयू, हबाचा लाल दिवा लागलाय बग."

"अप्पा, त्या हबला लाल दिवाच नाही."

पलीकडे अप्पा खाकरले. मग, "आसं व्हय. मग हिरवाच आसंल. चष्मा न्हाई गं डोळ्यावर."

"बंद करून चालू करा," ती म्हणाली होती. "ठेवते. काम आहे."

त्यानंतरही लाल दिवा दोन-चारदा लागला. तिनं पुन्हा कधी अडवलं नाही. "बंद करून चालू करा" म्हणायची, ते "बरं" म्हणायचे, आणि दोघंही फोन ठेवायची. काम नसायचं. फोन ठेवल्यावर ती खोलीत तशीच बसून राहायची, कधी भाजी चिरायची, कधी अर्धं राहिलेलं पुस्तक उघडायची. या रविवारी सांगू, असं ठरवून ती आली होती. पण दिवस वायरींत गेला. गाडी सुटली, आणि अप्पा पाठमोरे होऊन आपली दुचाकी स्टँडवर कुठे लावली ते शोधताना तिला दिसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या फोनवर 'अप्पा' अशी अक्षरं उमटली. ती स्टाफरूममध्ये डबा उघडून बसली होती. तिला हसू आलं. नव्या मशीनला एक दिवससुद्धा काढू दिला नाही यांनी. फोन कानाला लावत ती म्हणाली, "आता कुठला दिवा लागला?"

"संयू, मी काका बोलतोय," पलीकडून बाळासोकाका म्हणाले. "तू निघून ये बाळा."

नाथाजी दुपारी उसाच्या बांधावर बसले आणि बसल्या जागी गेले. दवाखान्यात न्यायला गाडी काढली, पण तोवर काही उरलं नव्हतं.

शिवतेज, तिचा धाकटा भाऊ, फौजेत होता आणि त्या दिवसांत वर बर्फातल्या चौकीवर. रस्ता बंद होता, हेलिकॉप्टर उडण्याजोगी हवा नव्हती. अग्नी काकांनी दिला. चौथ्या-पाचव्या दिवशी शिवतेजचा फोन लागला तेव्हा त्यानं आधी आईची चौकशी केली. मग म्हणाला, "ताई, दहाव्याला तरी मला दाखवशील? सकाळी थोडा वेळ लाईन देणार हायती साहेब. नदीवर रेंज न्हाई, पण अप्पांची तबकडी हाय की मोटारखोलीवर."

"दाखवते."

"नक्की दाखव. अप्पा असते तर मला काळजी नव्हती."

हे त्यानं टोचून म्हटलं नव्हतं. तरी ते तिला लागलं. तिच्या हातात आता एवढंच काम होतं. भावाला बापाचं तोंड बघायला मिळालं नव्हतं, निदान दहावा तरी बघायला मिळावा.

ती या दिवसांत रडली नव्हती. भेटायला येणाऱ्यांना पाणी देत होती, आईला दोन घास भरवत होती. नाथाजींची थोरली बहीण, धोंडुबाई आत्या, एकदा न राहवून म्हणालीच, "शिकलेल्या माणसांचं पाणी आतल्या आत जिरतं व्हय गं?"

"तसं नाही, आत्या."

"मग कसं?"

ती ताट उचलून मोरीकडे गेली.

दहाव्याच्या सकाळी सगळा मळा नदीवर उतरला. घरी फक्त आत्या राहिली. लग्न होऊन परघरी गेलेल्या बहिणीचं सुतक आधीच फिटतं, म्हणून स्वयंपाक तिच्याकडे होता. पहाटे उठून तिनंच सगळं घर धुऊन काढलं होतं, अंथरुणं, भांडी, फळ्या, सगळं.

नदी हिवाळ्यातली, खाली गेलेली. काठावर भटजींनी मांडणी सुरू केली. केळीच्या पानावर भाताचे पिंड, शेजारी नाथाजींना आवडणारी म्हणून खारी बिस्किटं, अंबाडीची भाजी आणि कपभर चहा. बाळासोकाकांनी गुपचूप एका छोट्या पेल्यात मिलिटरी कँटीनची रम ठेवली. बनुबाईंनी, म्हणजे संयोगिताच्या आईनं, ती बघून न बघितल्यासारखं केलं.

संयोगितानं मोटारखोलीच्या भिंतीला टेकून फोन उभा केला आणि शिवतेजला लावला. पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. तिनं पुन्हा लावला. पुन्हा चक्र.

"लागंना व्हय?" काका म्हणाले. "आज बी लाईन तुंबली? मी तर हितं हाय!"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

तिनं मोटारखोलीच्या छपरावर बघितलं. तबकडीचा दिवा लागलेला होता. फोनला मोटारखोलीचं वायफायही धरलं होतं. म्हणजे पूल शाबूत होता. पुलावरून यायला हवं ते येत नव्हतं. लाईन आठही घरांत बंद असणार, पण ती वापरणारं घरांत कुणी नव्हतंच, तर कळणार कुणाला?

"काका, भटजींना जरा थांबवा. मी आलेच."

उसाच्या कडेनं ती चढण चढून घराकडे धावत निघाली. वाटेत एकदा ठेचकाळली, थांबली नाही. सोप्यात शिरली आणि फळीकडे बघताच तिला कळलं. स्विचचे सगळे हिरवे दिवे एकदम, एकाच वेगानं, वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. असं तिनं प्रयोगशाळेत मुद्दाम करून दाखवलं होतं, अनेक वर्षं, अनेक पोरांना.

"आत्या, फळीला हात कुणी लावला?"

आत्या स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "मीच की. पुसून घ्यायची नको व्हय फळी? एक वायर नुसती लोंबत व्हती बग. पै-पावणं येणार, म्हटलं दिसायला बरं दिसत न्हाई. शेजारी भोक मोकळंच व्हतं, दिली खोचून. खट् करून बसली. का गं, बिघडलं काय?"

संयोगितानं वायरीवरून बोट फिरवलं. एक टोक स्विचमध्ये. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये, दोन भोकं सोडून. तिचीच वायर. कुणीतरी कुठूनतरी सगळ्यांना उद्देशून विचारलेलं साधं 'तू कुठं आहेस' या वायरीतून बाहेर पडत होतं, फिरून आत येत होतं, सगळीकडे जात होतं, पुन्हा आत येत होतं. पहाटेपासून. त्याला थांबवणारं इथं काही नव्हतं.

"न्हाई आत्या, काय बिघडलं न्हाई," ती म्हणाली. आत्याशी ती एरवी शहरी बोलायची, आता बोलणं आपोआप घरचं झालं. "तुमी नीटच केलं. फकस्त ही वायर मोकळी ठेवायची असती."

तिनं टोक उपटलं. दिवे विझले नाहीत, नुसते शांत झाले, एकेक करून, जो तो आपापल्या वेळेनं लुकलुकू लागला. ते टोक हातात धरून ती क्षणभर उभी राहिली. मग फळीच्या खिळ्याला एक सैल वेढा देऊन ते तिनं पुन्हा खाली सोडलं, अप्पांनी सोडलं होतं तसं.

"लोंबतंच ठिवलंस की," आत्या म्हणाली.

"लोंबू दे."

ती खाली पोचली तेव्हा शिवतेज आधीच पडद्यावर आला होता. काकांनीच लावला होता फोन. त्याच्या टोपीवर, भुवयांवर बर्फाचे कण होते. "दिसतंय ताई," तो म्हणाला. "नदी दिसतीया. आई कुटं हाय?" बनुबाईंनी पडद्यावर हात ठेवला, जणू त्याचा गाल तिथं होता.

विधी पुढे सरकला. भटजींनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. बाभळीवर कावळे होते, पाच-सहा तरी. एक खाली उतरला, पानाभोवती फिरला, मान तिरपी करून बघितलं आणि उडून पुन्हा फांदीवर बसला.

लोक थांबले. उन्हाचा कवडसा पानावर आला. चहावर साय धरली.

"दादा, वैनीकडं मी बघतो," काका हात जोडून पुढे झाले. "ऊस ह्या साली येळेवर जाईल. कुस्त्या बी कमी बघतो."

कावळा हलला नाही.

"अप्पा," मोटारखोलीच्या भिंतीपासून शिवतेजचा आवाज आला, जरा तुटक, "मी नोकरी पुरी करून मळ्यातच येणार हाय. जमीन पडू देणार न्हाई. आईला न्हेतो मदनं मदनं माज्याकडं."

काहीच झालं नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली. नाथाजीचा जीव कशात गुतला म्हणायचा? एक म्हातारा म्हणाला, "आरं, लाईनीत गुतला आसंल. आता वायरी कोण बघणार?"

"संयू बघंल की," काका म्हणाले. "सांग बाळा, मोठ्यांदा सांग."

"अप्पा, लाईन मी बघते," संयोगिता म्हणाली. वर्गात म्हणावं तसं, स्वच्छ.

कावळे बसूनच. भटजींनी दर्भाची जुडी हातात घेतली. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात, तशी ती तयारी होती. बनुबाईंनी ते बघितलं आणि त्या मटकन खाली बसल्या. "दर्भाचा नको," त्या म्हणाल्या. "त्यांचं काय ऱ्हायलंय ते इचारा. कुणीतरी इचारा."

संयोगिताचा कावळ्यांवर विश्वास नव्हता. भूक लागली की कावळा खातो, माणसं जवळ असली की बुजतो, हे तिला कुणालाही समजावता आलं असतं. पण अप्पांचं काय राहिलं होतं ते तिला माहीत नव्हतं. तिचं काय राहिलं होतं ते माहीत होतं. ते पलूसच्या स्टँडवरून तिच्याबरोबर साताऱ्याला गेलं होतं, माघारी आलं होतं, आणि हे सगळे दिवस तिच्या आत फिरत होतं. सगळी भावकी उभी होती, भिंतीशी भाऊ होता, आई जमिनीवर बसली होती. सगळ्यांना ऐकू जाणार होतं. जाऊ दे.

ती पानाजवळ गेली आणि उकिडवी बसली.

"अप्पा," ती म्हणाली, आणि आवाज वर्गातला राहिला नाही. "तुमच्या हबाला लाल दिवा नव्हता. मला म्हाईत व्हतं. दर येळी म्हाईत व्हतं. लाईन चांगली असायची तरी तुमी फोन करायचासा, अन् मी आपली, बंद करून चालू करा, काम हाय, ठेवते. काय काम नसायचं मला. तुमचा फोन आला की लय बरं वाटायचं. मी वाट बघायची, अप्पा. कवा काय बिघडतंय म्हणून वाट बघायची. त्या दिवशी स्टँडवर तेवढंच सांगायचं व्हतं तुमाला. काय बिघडलं नसलं तरी करत जावा फोन. काय बी बिघडलं नसलं तरी."